दुबईत जाऊन पूर्णवेळ ऑनलाइन व्यवसाय: आधी हिशेब, मग तारखा, परवाना सगळ्यात शेवटी

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यातले ३४ वर्षांचे गृहस्थ, नोकरी सोडून पूर्णवेळ ऑनलाइन कामात आहेत. अमेरिकेतल्या छोट्या कंपन्यांच्या वेबसाइटचं एसईओ (गूगलच्या शोधात साइट वर आणण्याचं काम) आणि देखभाल यातून महिन्याला सरासरी ३ लाख रुपये येतात. मराठी-हिंदीतले डिजिटल मार्केटिंगचे रेकॉर्ड केलेले कोर्स भारतात विकून आणखी दीड लाख. कोल्हापुरातली दोन तरुण मुलं मदतनीस म्हणून काम करतात. घरी बायको आणि ६ वर्षांची मुलगी. वाकडचा फ्लॅट महिना २५ हजार भाड्याने देता येईल. एका सल्लागाराने सांगितलंय, "दुबईत कर नाही, पुण्यात बसून आठवड्यात कंपनी काढून देतो." जावं का, आणि जायचं तर कसं?

सल्लागाराने न मांडलेला हिशेब आधी मांडतो. तुमची वर्षाची जमा ५४ लाख, त्यातली ३६ लाख अमेरिकेची आणि १८ लाख कोर्सची. अनुमानित कर योजनेत (जुन्या कायद्याचं ४४एडीए कलम) ही सगळी जमा बसते असं धरलं, तर निम्मं म्हणजे २७ लाख उत्पन्न दाखवता येतं. नव्या दरांनी त्यावर उपकरासह ४ लाख ५ हजार ६०० रुपये कर होतो. योजनेत न बसता खरा नफा दाखवत असाल आणि मदतनीस व इतर खर्च १० लाखांचा असेल, तर ४४ लाखांवर ९ लाख ३६ हजार. तुम्ही अनिवासी झालात की अमेरिकेच्या कामावर इथे कर नाही, पण कोर्सवर तो राहतोच. त्यातही अनुमानित योजना फक्त निवासी लोकांसाठी आहे आणि १२ लाखांपर्यंत कर माफ करणारी सवलतही अनिवासींना नाही. कोर्सचा खर्च ५ लाख धरून १३ लाख निव्वळ उरले, तर त्यावर ७८ हजार कर. म्हणजे वर्षाला बचत कुठे सव्वातीन लाख, तर कुठे साडेआठ लाख.

आता दुसरी बाजू. दुबईत साध्या वस्तीत एका बेडरूमचं घर वर्षाला ६० हजार दिरहम धरा. दलाली ५ टक्के म्हणजे ३ हजार, अनामत तेवढीच, वीज-पाण्याची अनामत २ हजार. तिघांचे व्हिसे, वैद्यकीय तपासणी आणि ओळखपत्रं मिळून १५ हजार, परवाना आणि त्याची जोडकागदं १० हजार, शाळा १५ हजार, विमा ५ हजार. किराणा, वीज, फोन, बस-मेट्रो यांचे महिन्याला ४ हजार. बेरीज १ लाख ६१ हजार दिरहम. दिरहम २४ रुपयांना धरला तर साडेअडतीस लाख रुपये. दिरहम डॉलरला ३.६७२५ वर बांधलेला आहे, त्यामुळे रुपया घसरला की तुमची अमेरिकेची कमाई तिथे जशीच्या तशी राहते, पण कोर्सचे रुपये मात्र पातळ होतात.

५४ लाखांतून १० लाख खर्च आणि साडेअडतीस लाख दुबईचा घरखर्च गेल्यावर पाच-सहा लाख उरतात. पुण्यात आज याहून बरेच जास्त उरत असणार. तेव्हा कर वाचवायला जाण्यात तुमचा तोटा आहे, हे स्पष्टच सांगतो. अमेरिकेचं काम वर्षाला ७०-७५ लाखांवर गेलं, किंवा आखाती ग्राहक समोर दिसत असतील, तर जाण्याला अर्थ येतो. परदेशी कार्ड घेणारं पेमेंट खातं हेही एक खरं कारण असू शकतं. स्ट्राइप ही कार्डाने पैसे घेण्याची सेवा भारतात २०२४ पासून फक्त निमंत्रणावर खातं देते, यूएईत (दुबई ज्या देशात आहे तिथे) ते सरळ मिळतं. यातलं एखादं कारण तुमच्याकडे असेल असं धरून पुढचं लिहितो.

पुण्यात बसून आठवड्यात कंपनी, हा सल्ला धोक्याचा आहे. भारतात निवासी असताना परदेशी मर्यादित दायित्वाच्या कंपनीचे शेअर घेणं म्हणजे फेमा (परकीय चलन व्यवस्थापन) कायद्याखालची परदेशी गुंतवणूक. ती २०२२ च्या नियमांनुसारच करावी लागते: बँकेमार्फत फॉर्म एफसी भरून कंपनीसाठी क्रमांक घ्यायचा आणि मगच पैसे पाठवायचे. त्यानंतर नियमांनुसार दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत कंपनीचा अहवाल द्यायचा. क्रेडिट कार्ड घासून परवान्याची फी भरली की हे सगळं मागे राहतं. चार वर्षांनी त्या कंपनीचे पैसे भारतात आणायला जाल तेव्हा बँक पहिला प्रश्न विचारते, की पहिली रक्कम कोणत्या मार्गाने गेली होती? त्यामुळे कंपनी काढायचीच असेल तर भारत सोडून, तिथला निवासी झाल्यावर, तिथल्या कमाईतून काढा.

खरं तर तुमच्या आकाराला कंपनी लागतच नाही. दुबईत व्यक्तीच्या नावाने मिळणारा फ्रीलान्स परवाना आहे. 'गोफ्रीलान्स' या योजनेत त्याची वार्षिक फी ७,५०० दिरहम आहे, व्हिशाचं वेगळं. त्यात शेअर नाहीत, मर्यादित दायित्व नाही, म्हणून परदेशी गुंतवणुकीचे वरचे नियम लागत नाहीत. कॉर्पोरेट कराच्या दृष्टीनेही तो सोपा पडतो. यूएईत जून २०२३ पासून कॉर्पोरेट कर आहे: ३ लाख ७५ हजार दिरहमपर्यंतच्या नफ्यावर शून्य, वर ९ टक्के. स्वतःच्या नावाने धंदा करणाऱ्या व्यक्तीला मात्र कॅलेंडर वर्षात उलाढाल १० लाख दिरहमच्या पुढे गेल्यावरच हा कर आणि त्याची नोंदणी लागू होते. तुमची अमेरिकेची उलाढाल दीड लाख दिरहम. कंपनी काढली असती तर कर शून्य असूनही नोंदणी, हिशेब आणि विवरणपत्र बंधनकारक झालं असतं. नोंदणी उशिरा केली तर दंड १० हजार दिरहम.

"फ्री झोन म्हणजे शून्य टक्के" हे वाक्य जाहिरातींत फार दिसतं (फ्री झोन म्हणजे धंद्यांसाठी वेगळे नियम असलेलं खास क्षेत्र). शून्य टक्के फक्त ठरावीक प्रकारच्या पात्र उत्पन्नाला आहे आणि त्यासाठी लेखापरीक्षित हिशेब लागतात. परदेशी ग्राहकाला दिलेली मार्केटिंग सेवा त्यात बसेल असं गृहीत धरू नका. छोट्या कंपन्या सध्या कर भरत नाहीत त्याचं कारण वेगळं आहे: ३० लाख दिरहमपर्यंत उलाढालीला दिलेली सवलत. ती ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत संपणाऱ्या हिशेब वर्षांसाठीच आहे.

व्हॅट ५ टक्के आहे. परदेशी ग्राहकाला दिलेल्या सेवेवर दर शून्य लागतो, पण ती उलाढाल ३ लाख ७५ हजार दिरहमच्या नोंदणी मर्यादेत मोजली जाते. आपला दर शून्य म्हणजे आपला संबंध नाही, असं समजून पुष्कळ जण फसतात. मर्यादा ओलांडाल तेव्हा एकतर नोंदणी करा, नाहीतर सगळा पुरवठा शून्य दराचा आहे म्हणून सूट मिळवायचा अर्ज करा.

घाई नसेल तर तिसरी वाटही आहे. दुबईचा एक वर्षाचा व्हर्च्युअल वर्किंग व्हिसा मिळतो. अट महिना ३,५०० डॉलर उत्पन्नाची आणि आरोग्य विम्याची, धंदा भारतातलाच ठेवायचा. तिथल्या ग्राहकाला काही विकता येत नाही. आधी वर्षभर राहून बघायचं असेल तर हा बरा, पण धंद्याचा पत्ता बदलायचा असेल तर पुरत नाही.

आता तारखा. माझ्या मते सगळं स्थलांतर यावरच उभं राहतं, आणि सल्लागार याबद्दल एक शब्द बोलत नाहीत.

भारतात निवासी की अनिवासी हे १ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षात तुम्ही इथे किती दिवस होता त्यावर ठरतं. आयकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू आहे. त्यात 'कर वर्ष' असा शब्द आला, तरी दिवसांचं गणित तेच आहे. मुळात वर्षात १८२ दिवस, किंवा ६० दिवस आणि मागच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस, यातलं काहीही भरलं तर निवासी. परदेशी रोजगारासाठी देश सोडणाऱ्या भारतीय नागरिकाला त्या वर्षापुरती ६० दिवसांची अट लागत नाही. स्वतःचा धंदा करायला जाणं यात येतं, असा केरळ उच्च न्यायालयाचा निर्णय आहे. मात्र हेतू कागदावर दिसला पाहिजे, म्हणून परवान्याची कागदपत्रं आणि प्रवेश परवाना जपून ठेवा. नुसत्या पर्यटक व्हिसावर निघून नंतर तिकडे व्हिसा बदललात तर वाद ओढवून घ्याल.

१ एप्रिलपासून मोजलं तर २८ सप्टेंबरला १८१ दिवस होतात. त्या दिवशी निघालात तर त्या वर्षात पुन्हा पाय ठेवायला जागा नाही. दिवाळीला आठ दिवस आलात की वर्ष गेलं, आणि पूर्ण वर्षाची परदेशी कमाईही भारतात करपात्र झाली. १५ ऑगस्टला निघालात तर १३७ दिवस झालेले असतात आणि दिवाळीला २० दिवस येऊनही १५७ वर राहता. जायचा आणि यायचा, दोन्ही दिवस मोजा. सगळ्यात चांगला महिना एप्रिल, कारण अख्खं वर्ष हातात राहतं.

पुढच्या वर्षांत तुम्ही भारतात भेटीला येणारे ठरता आणि साधारण मर्यादा १८२ दिवसांची असते. पण भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर गेलं की ती १२० दिवसांवर येते. तुमच्या बाबतीत बघा. कोर्सचे निव्वळ १३ लाख. फ्लॅटचं भाडं वर्षाला ३ लाख, त्यातून ३० टक्के वजावट जाऊन २ लाख १० हजार. बेरीज १५ लाख १० हजार! दहा हजारांनी रेषा ओलांडली जाते. आणि एकदा ती ओलांडली की दुसरं कलमही जागं होतं: १५ लाखांवर भारतीय उत्पन्न असलेला नागरिक दुसऱ्या कोणत्याही देशात करास पात्र नसेल, तर एक दिवसही भारतात न राहता तो निवासी मानला जातो.

हा निवासी 'साधारण निवासी नसलेला' असतो, म्हणून त्याच्या परदेशी उत्पन्नावर सरसकट कर लागत नाही. पण भारतातून नियंत्रित होणारा धंदा किंवा भारतात उभा केलेला व्यवसाय, याचं परदेशी उत्पन्न पकडलं जातं. तुमचं अमेरिकेचं काम पुण्यात उभं राहिलेलं आहे. १५ लाखांच्या मोजणीतही असं उत्पन्न धरलं जातं. म्हणून परवाना हातात आल्यावर जुनेच करार पुढे चालवू नका. प्रत्येक अमेरिकी ग्राहकाशी दुबईच्या पत्त्यावरून नवा करार करा, जुना लेखी संपवा, बिलं नव्या क्रमांकाने सुरू करा. दर ठरवणं, करार नक्की करणं, ग्राहक नाकारणं हे निर्णय तिथून घ्या. कोल्हापूरच्या मुलांना काम करू द्या, पण किंमत ठरवायचा किंवा होकार द्यायचा अधिकार देऊ नका. त्यांनी तुम्हाला स्वतःच्या नावाने बिल द्यावं आणि पैसे बँकेतून, योग्य हेतू-क्रमांकासह (पैसे कशाचे आहेत हे बँकेला सांगणारा क्रमांक) त्यांच्या खात्यात यावेत. बहिणीच्या खात्यात एकरकमी पाठवून तिथून वाटप, असले प्रकार नकोत.

तिकडचंही दिवसांचं गणित आहे. भारत-यूएई करारात व्यक्तीला तिथला निवासी मानायला कॅलेंडर वर्षात १८३ दिवस लागतात. त्यावर तिथल्या कर प्राधिकरणाकडून निवासाचा दाखला मिळतो आणि भारतात वाद झाला तर तोच कामाला येतो. शिवाय सलग १८० दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिलात तर नेहमीचा निवासी व्हिसा बाद होतो. दुबई विमानतळावर स्मार्ट गेटमधून गेलात तर पासपोर्टवर शिक्का उमटत नाही. वर्षअखेरीस तिथल्या इमिग्रेशनकडून प्रवेश-निर्गमाचा अहवाल काढून ठेवा आणि बोर्डिंग पासचे फोटोही ठेवा. तीन वर्षांनी नोटीस आली तर पासपोर्टची कोरी पानं काही सिद्ध करत नाहीत.

फेमाचा निवासी आणि आयकराचा निवासी वेगळा. धंद्यासाठी देश सोडला की फेमाखाली तुम्ही त्याच दिवसापासून अनिवासी होता. बचत खातं एनआरओ (अनिवासींचं भारतातल्या कमाईचं खातं) करून घ्या, परदेशी कमाईसाठी एनआरई हे अनिवासींचं दुसरं खातं उघडा, डीमॅट आणि म्युच्युअल फंडांचं केवायसी बदला. पीपीएफ मुदतीपर्यंत चालू राहील, नवं उघडता येणार नाही. निघण्याआधी पैसे बाहेर न्यायचे असतील तर वर्षाला अडीच लाख डॉलरची सोय आहे. १० लाख रुपयांच्या पुढे घरखर्चासाठी पाठवलेल्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस (आगाऊ वसूल केलेला आयकर) कापते. तो विवरणपत्रात परत मिळतो, पण तोवर पैसे अडकतात आणि नेमकी घराची अनामत भरायच्या वेळी ते कमी पडतात.

आता बँक. परवाना आठवड्यात मिळतो, बँक खातं महिना-दोन महिने घेऊ शकतं आणि नाकारलंही जातं. नकाराची कारणं बहुतेक वेळा हीच तीन असतात. परवान्यावरचा उद्योग आणि वेबसाइटवरचा मजकूर जुळत नाही. तिथला पत्ता नाही. किंवा जुन्या खात्यात घरखर्च, क्लायंट आणि मित्रांची देवघेव सगळं कालवलेलं असतं. म्हणून निघण्याच्या सहा महिने आधीपासून अमेरिकेचं काम वेगळ्या खात्यात घ्या. एक फाइल करा: सहा महिन्यांचं स्टेटमेंट, तीन मोठ्या ग्राहकांचे करार, पाच बिलं, आणि प्रत्येक बिलाच्या रकमेसमोर स्टेटमेंटमधली तीच जमा पिवळ्या पेनाने खूण केलेली. बँकेचा माणूस फोन करतो आणि तेच विचारतो: पैसे कोण देतं, कशासाठी, महिन्याला किती वेळा. खूण केलेला कागद समोर असला की उत्तरं जुळतात. ठरावीक किमान शिल्लक मागणाऱ्या जुन्या बँकांपेक्षा डिजिटल बँका छोट्या धंद्याला सोप्या पडतात, पण त्या फ्रीलान्स परवाना घेतात का ते आधी विचारा.

पैसे घेण्याची खाती देशाला बांधलेली असतात. पेपलच्या खात्याचा देश बदलत नाही, नवं खातं काढावं लागतं. ॲडसेन्सचंही (गूगलच्या जाहिरातींच्या कमाईचं खातं) तसंच: जुनं बंद, नवं सुरू. दर महिन्याला आपोआप पैसे देणारे ग्राहक असतील तर त्यांना नव्या खात्यावर पुन्हा मंजुरी द्यावी लागते आणि त्यात काही गळतात. दोन महिने दोन्ही खाती समांतर चालवा आणि मोठ्या ग्राहकांना स्वतः फोन करून हलवा.

यूट्यूब किंवा किंडलची कमाई असेल तर आणखी एक बाब. भारत आणि अमेरिका यांच्यात कर करार आहे, म्हणून अमेरिकी प्रेक्षकांमुळे मिळणाऱ्या रॉयल्टीवर १५ टक्के कापले जातात. यूएईचा अमेरिकेशी असा करार नाही. नवा पत्ता टाकलात की तिथे ३० टक्के. तुमच्या एसईओच्या बिलांना हे लागत नाही, कारण काम अमेरिकेबाहेर बसून होतं.

कोर्सचं काय करायचं? ते दुबईच्या परवान्यावर नेऊ नका. परदेशातून भारतातल्या सर्वसाधारण ग्राहकाला रेकॉर्ड केलेला कोर्स विकणं जीएसटीत वेगळ्या वर्गात येतं. त्याला २० लाखांची सूटमर्यादा नाही, पहिल्या रुपयापासून नोंदणी आणि १८ टक्के. त्यात यूपीआय नसलेलं परदेशी पेमेंटचं पान समोर आलं की इथला ग्राहक तिथूनच परत जातो. कोर्स तुमच्या भारतातल्या प्रोप्रायटरी धंद्यातच ठेवा. पैसे परत नेण्याचा हक्क न ठेवता अनिवासी व्यक्ती असा धंदा चालवू शकते. नफा एनआरओ खात्यात येईल आणि कर भरून बाहेरही नेता येतो, वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत. जीएसटी नोंदणीत पत्ता आणि अधिकृत सही करणारी व्यक्ती तेवढी नीट करून घ्या.

कागदपत्रांत मराठी घरांना हमखास अडवणारी गोष्ट म्हणजे नावं. पासपोर्टवर बायकोचं माहेरचं नाव, विवाह प्रमाणपत्रावर सासरचं, मुलीच्या जन्मदाखल्यात आईचं नुसतं पहिलं नाव. तिन्ही कागद एकाच बाईचे आहेत हे तिथल्या कारकुनाला कळत नाही. निघण्याच्या सहा महिने आधी पासपोर्टवर जोडीदाराचं नाव घालून घ्या आणि महापालिकेतून जन्मदाखल्यात आईचं पूर्ण नाव दुरुस्त करा. हस्तलिखित जुनं प्रमाणपत्र असेल तर संगणकीय प्रत घ्या. मग राज्य शासनाचं साक्षांकन, परराष्ट्र मंत्रालय, यूएई दूतावास, आणि तिकडे गेल्यावर त्यांचं परराष्ट्र मंत्रालय, असे चार टप्पे. एजंट 'अपोस्टिल' (दूतावासाशिवाय चालणारं साक्षांकन) करून देतो म्हणाला तर पैसे देऊ नका, यूएईसाठी दूतावासाचा शिक्काच लागतो. मुलीच्या शाळेच्या दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घेऊन ठेवा. तिथल्या सीबीएसई शाळांचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं.

म्हणून माझा सल्ला: एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात तुम्ही एकटे जा, कुटुंब पुढच्या मार्चमध्ये न्या. प्रवेश परवान्यावर उतरलं की रक्ततपासणी आणि छातीचा एक्स-रे, मग बोटांचे ठसे, मग एमिरेट्स आयडी. व्हिशाचा स्टिकर आता पासपोर्टवर लागत नाही, हे कार्डच निवासाचा पुरावा. कार्ड आलं की बँक, बँकेचं चेकबुक आलं की घर. हा क्रम उलटा होत नाही, कारण तिथे भाडं पुढच्या तारखांच्या एक, दोन किंवा चार चेकनी देतात आणि चेकबुकशिवाय घरमालक दारात उभं करत नाही. तोवर महिन्याच्या भाड्याची खोली घ्या. भाडेकराराची 'इजारी' नोंदणी करूनच राहा, वीजजोडणीपासून कुटुंबाच्या व्हिशापर्यंत ती मागतात. वीजबिलात दर महिन्याला घरभाड्याच्या ५ टक्क्यांचा हिस्सा गृहशुल्क म्हणून येतो, तो वरच्या ४ हजारांत धरलाय. चेक वठला नाही तर प्रकरण थेट अंमलबजावणी न्यायालयात जाऊ शकतं. तेव्हा सहा महिन्यांचं भाडं बाजूला असल्याशिवाय वर्षाचे चेक लिहू नका. तुम्हाला रोज ऑफिसला जायचं नाहीये, त्यामुळे शेजारच्या शारजात घर घेतलंत तर तेवढ्याच पैशांत मोठी जागा मिळेल. दुबई-शारजा रस्त्यावरची ती जगप्रसिद्ध कोंडी तुमच्या वाट्याला येणार नाही.

व्हॉट्सॲपवरचा कॉल तिथे चालत नाही, मजकूर चालतो. झूम, टीम्स, गूगल मीट चालतात. व्हीपीएन लावून व्हॉट्सॲप कॉल करण्याच्या फंदात पडू नका, दंडाचा आकडा धंदा बुडवणारा आहे. ग्राहकांना आधीच मीटवर हलवा, आई-वडिलांच्या फोनमध्येही निघण्याआधी टाकून द्या आणि दोनदा लावून दाखवा. वेळेचं म्हणाल तर न्यूयॉर्कचे सकाळी ९ म्हणजे उन्हाळ्यात तुमचे संध्याकाळी ५, हिवाळ्यात ६. पुण्यापेक्षा दीड तास सोयीचं. सोशल मीडियावर दुसऱ्याची जाहिरात पैसे घेऊन करणार असाल तर त्याला तिथल्या सरकारी माध्यम नियामकाचा वेगळा परवाना लागतो.

वाकडच्या फ्लॅटचा भाडेकरू तुम्हाला भाडं देताना पहिल्या रुपयापासून कर कापायला बांधील असतो, साधारण ३१.२ टक्के. ५० हजारांच्या आत भाडं आहे म्हणून कापायचं नाही, हा नियम निवासी घरमालकासाठी आहे. करारात ते लिहा आणि कमी दराने कापण्याचा दाखला आयकर खात्याकडून घेऊन भाडेकरूला द्या, नाहीतर नोटीस त्याला येईल आणि भांडण तुमच्याशी होईल.

शेवटी भारताचं सिमकार्ड. आधार, बँक, आयकर, जीएसटी, डीमॅट, सगळ्यांचे ओटीपी त्याच नंबरवर येतात. पोस्टपेड असेल तर सगळ्यात स्वस्त प्रीपेडमध्ये बदला, रोमिंग चालू करा आणि रिचार्जची तारीख कॅलेंडरमध्ये घाला. रिचार्ज संपून नंबर बंद पडला की काही महिन्यांत तो दुसऱ्याला दिला जातो, आणि मग तुमचं विवरणपत्र भरायलासुद्धा पुण्याला यावं लागतं, तेही मोजलेल्या दिवसांतून.